वजनकाट्याच्या आधी : लठ्ठपणा, मेंदूतला दाह आणि एक प्रकल्प

७ जुलै २०२५

प्राण्यांवरील प्रयोगांच्या नीतिसमितीची मंजुरी आली. उद्यापासून उंदीर नव्या पिंजऱ्यांत रुळायला सोडायचे, मगच आहार बदलायचा. मोजमापांचे आकडे प्रयोगवहीत जातील. इथे फक्त काय का केलं ते लिहीन, म्हणजे पुढे या कामावर येणाऱ्या विद्यार्थ्याला प्रत्येक निर्णयामागचं कारण सापडेल.

प्रश्न असा : चरबीच्या आहाराने मेंदूत मंद दाह (इन्फ्लमेशन) सुरू होतो, तो भूक सांभाळणाऱ्या हायपोथॅलॅमसमधून स्मरण सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पसपर्यंत कधी पोचतो? आणि आहार पूर्ववत केला तर कधीपर्यंत तो मागे फिरू शकतो? पूर्ण प्रकल्पाचा भर ‘कधी’वर आहे.

मागची वाट थोडक्यात. १९९३ मध्ये होटामिसलिगिल, शारगिल आणि स्पीगलमन यांनी लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हा दाहकारक रेणू तयार होतो हे दाखवलं. तोपर्यंत चरबी म्हणजे निमूट साठवण, अशीच सर्वसाधारण समजूत होती. २००५ मध्ये ब्राझीलमधल्या काम्पिनास इथल्या लिसिओ व्हेलोसो यांच्या गटाला चरबीचा आहार दिलेल्या उंदरांच्या हायपोथॅलॅमसमध्ये दाहाच्या खुणा मिळाल्या. भूक आणि ऊर्जेचा हिशेब ठेवणारी जागाच दाहाखाली येते, म्हणजे पोट भरल्याचा लेप्टिन या संप्रेरकाचा निरोप तिथे नीट ऐकला जात नाही. मग २०१२ मध्ये सिॲटलहून थेलर, श्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. या प्रकल्पाचं बीज त्या निबंधात आहे. उंदरांचं वजन लक्षणीय वाढायच्या आत, पहिल्या तीन दिवसांतच, हायपोथॅलॅमसमध्ये दाहाच्या खुणा दिसल्या. मग त्या ओसरल्या, आणि काही आठवड्यांनी परतून मुक्कामाला आल्या.

म्हणजे वजन वाढलं म्हणून मेंदू सुजला, असा सरळ क्रम नाही. काटा हलायच्या आधी मेंदूला कळलेलं असतं.

१६ जुलै

खाद्याच्या पेट्या आल्या. ६० टक्के उष्मांक चरबीतून देणारं, डुकराच्या चरबीवर बनवलेलं खाद्य. ओळखू यावं म्हणून त्यात निळा रंग असतो. हाताला मऊ, तेलकट लागतं, आणि बाहेर राहिलं तर खवट होतं. त्यामुळे ते फ्रीजमध्ये ठेवायचं आणि पिंजऱ्यातलं ठरलेल्या दिवशी बदलायचं. प्राणिगृहातल्या काकांना हे समजावताना त्यांनी विचारलं, “मॅडम, एवढं तूप माणूस तरी खातो का?” प्रश्न रास्त आहे.

इतकी चरबी रोज कोणी खात नाही. हे खाद्य माणसाच्या ताटाची नक्कल नाही, वर्षांचा बदल आठवड्यांत घडवणारं ते एक साधन आहे. निष्कर्ष लिहिताना हे विसरलं की “अमुक खाल्लं की मेंदू जळतो” अशा बातम्या तयार होतात.

तुलनेच्या गटासाठी साधं धान्याचं खाद्य घ्यायचं नाही, हे पक्कं केलं. साध्या खाद्यात तंतू वेगळे, सोयाबीनमधले घटक वेगळे, साखरही वेगळी. मग फरक दिसला तर तो चरबीचा की बाकी कशाचा, हे सांगता येत नाही. म्हणून त्याच घटकांपासून बनवलेलं, साखर जुळवलेलं, १० टक्के चरबीचं खाद्य घेतलं. महाग पडतं. पण इथे वाचवलेला पैसा शेवटी उत्तरातून वजा होतो.

२९ जुलै

आज बैठकीत माद्यांवर चर्चा झाली. आपल्या वाणाच्या उंदरांमध्ये तरुण माद्या चरबीच्या आहाराने नरांइतक्या लवकर लठ्ठ होत नाहीत. त्यामुळे या विषयातले कितीतरी प्रयोग नुसत्या नरांवर झाले आहेत. “परिणाम स्वच्छ दिसतो” हे त्यामागचं कारण.

मी आग्रह धरला आणि सरांनी मान्य केला : माद्या घ्यायच्याच. शेवटी आपल्याला स्मृतिभ्रंशाकडेच पोचायचं आहे, आणि अल्झायमरच्या रुग्णांत जवळजवळ दोन तृतीयांश स्त्रिया असतात. ज्या आजाराचा भार बायकांवर अधिक आहे, त्याचा अभ्यास फक्त नरांवर करून कसं चालेल? शिवाय वजन फारसं वाढलं नाही तरी मेंदूत काही घडतं का, या आमच्याच प्रश्नासाठी माद्या हा उत्तम गट आहे. त्यांचं कमी वाढणारं वजन आमच्यासाठी अडचणीचं नाही, उपयोगाचं आहे.

११ ऑगस्ट

आहार बदलल्याच्या तिसऱ्या दिवसाच्या गटाचे मेंदू काढले. उंदीर रात्री खातात, म्हणून वेळ प्रत्येक गटासाठी तीच ठेवली : दिवे लागल्यानंतर ठरावीक तासांनी. भुकेल्या आणि नुकत्याच जेवलेल्या उंदराचा हायपोथॅलॅमस सारखा नसतो.

हायपोथॅलॅमसच्या तळाशी, आर्क्युएट केंद्रकाला लागून, रक्त आणि मेंदू यांच्यातला पडदा मुळातच सैल असतो. रक्तातल्या ग्लुकोजची, संप्रेरकांची चव घेता यावी म्हणून शरीराने ठेवलेली ही सोय आहे. त्याच दारातून पामिटिक आम्लासारखी संपृक्त मेदाम्लंही लवकर पोचतात. ती मायक्रोग्लिया या मेंदूची रखवाली करणाऱ्या पेशींना चेतवतात, टीएलआर-४ सारख्या ग्राहकांमधून (पेशीवरच्या संदेश घेणाऱ्या रेणूंमधून) एनएफ-कप्पा-बी ही दाहाची संदेशसाखळी सुरू होते आणि टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-१-बीटा हे रेणू तयार होऊ लागतात. दाह आधी इथेच का दिसतो, याचं पटण्याजोगं उत्तर या शरीररचनेत आहे.

हिप्पोकॅम्पसला अशी सोय नाही. तिथे पोचायला वेळ लागतो, आणि किती लागतो हेच तर शोधायचं आहे.

२२ ऑगस्ट

गणपती २७ तारखेला बसतात, विसर्जन ६ सप्टेंबरला. या दिवसांत कुठल्याही गटाचे मेंदू काढायचे नाहीत, वेळापत्रक तसं फिरवलं. ढोल-ताशांची पथकं आमच्या रस्त्यावरून जातात आणि प्राणिगृहाच्या भिंती तो आवाज थोपवत नाहीत. ताणाने उंदरांच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि मायक्रोग्लिया ताणालाही प्रतिसाद देतात. मग दाह आहाराचा की मिरवणुकीचा, हे ओळखायला मार्ग उरणार नाही. खाद्य-पाण्याच्या पाळ्या काकांनी आपसांत वाटून घेतल्या, सुटी कोणीच पूर्ण घेतली नाही.

परदेशी प्रयोगपद्धती तशीच्या तशी उचलता येत नाही, ती अशा जागी. आपलं वेळापत्रक आपल्या पंचांगाशी जुळवावंच लागतं.

१५ सप्टेंबर

सूक्ष्मदर्शकावर दिवस गेला. ॲस्ट्रोसाइट या आधारपेशींसाठी जीएफएपी, मायक्रोग्लियासाठी आयबा-१ : त्या त्या पेशी ओळखू याव्यात म्हणून ही प्रथिनं रंगवायची. रंग नीट आला आहे, पार्श्वभूमी स्वच्छ.

मायक्रोग्लिया पाहताना मला दरवेळी माद्रिदचे पिओ देल रिओ होर्तेगा आठवतात. १९१९ मध्ये त्यांनी चांदीच्या क्षारांनी रंगवून या पेशी वेगळ्या ओळखल्या आणि त्यांना नाव दिलं. विश्रांतीतली मायक्रोग्लिया बारीक फांद्या पसरून भोवतालची चाचपणी करत असते. चेतवली की धड फुगतं, फांद्या आखडतात, जाड होतात. हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी संगणकाशिवाय, सूक्ष्मदर्शकातून पाहून हाताने काढलेल्या चित्रांनी नोंदवलं. आम्ही फांद्या कशा पसरतात ते संगणकाने मोजतो, पण पाहतो तेच.

स्लाइडवरचे गटांचे क्रमांक झाकलेले आहेत. सांकेतिक क्रमांक लावणारी मुलगी वेगळी, मोजणारे वेगळे. कोणती स्लाइड कुठल्या आहाराची हे मला ठाऊक नाही, आणि सगळे गट संपेपर्यंत ठाऊक होऊ द्यायचं नाही. फुगलेली पेशी दिसली की मन लगेच म्हणतं, ही निळ्या खाद्याचीच. या मनाला मोजणीपासून दूर ठेवणं हाच संकेत झाकण्याचा हेतू.

नवीन विद्यार्थिनीने विचारलं, “पेशी फुगली म्हणजे विसरभोळेपणा येतो, हे कशावरून?” नुसतं फुगण्यावरून नाही सांगता येत. पण २०१८ मध्ये प्रिन्स्टनमधल्या एलिझाबेथ गूल्ड यांच्या प्रयोगशाळेने एक दुवा दाखवला. लठ्ठ उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये चेतापेशींवरचे, चेतासंधी जुळतात ते काटे कमी झाले होते आणि उंदीर स्मरणाच्या चाचण्यांत मागे पडत होते. मायक्रोग्लिया चेतासंधींचे भाग गिळत होत्या. हे गिळणं औषधाने रोखलं तेव्हा काटेही वाचले आणि स्मरणही. दाह दिसणं आणि दाहाने नुकसान होणं या दोन गोष्टींमध्ये त्यांनी कारणाचा धागा जोडला. आपल्याकडच्या चर्चेत हा धागा बऱ्याचदा गृहीतच धरतात. तिला तो निबंध वाचायला दिला, पुढच्या बैठकीत तीच मांडणार आहे.

८ ऑक्टोबर

उंदरांकडून माणसांकडे. प्रकल्पाचा दुसरा भाग आहे मध्यमवयीन माणसांचा : कंबर, शरीरातली चरबी, रक्तातले दाहाचे घटक, स्मरणाच्या चाचण्या आणि काहींचा एमआरआय. आज निवडीचा निकष ठरवायचा होता. प्रस्तावाच्या पहिल्या मसुद्यात होतं : बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३० च्या वर.

पुण्यात बसून हा निकष लावणं मला मान्य नाही. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम याच गावातलं आहे. पुण्याच्या आसपासच्या सहा खेड्यांत १९९३ पासून सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासात बाळांचं सरासरी जन्मवजन २.७ किलो होतं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं सगळ्या मापांत लहान, पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी मात्र जवळजवळ तेवढीच टिकलेली. बारीक दिसणारं, पण आतून चरबीचं शरीर. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि जॉन युडकिन यांनी आपला दोघांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय नेमका २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. मी तो फोटो प्रत्येक वर्गात दाखवते. अर्धा तास बोलून पटत नाही ते त्या एका पानाने पटतं.

आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालात देशातल्या प्रौढांमध्ये पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के आणि सर्वसाधारण लठ्ठपणा २८.६ टक्के आढळला. म्हणजे बरीच माणसं अशी, की जी बीएमआयच्या चाळणीतून निसटतात आणि कंबरेच्या पट्टीत सापडतात. शिवाय याच अभ्यासाच्या आहारविषयक नव्या निबंधाप्रमाणे आपल्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात. आपली पोटं मुख्यतः लोण्याने नाही, पॉलिश केलेल्या भाताने, मैद्याने आणि साखरेने वाढतात. वर वनस्पती तूप आणि पामतेल. पामतेलात पामिटिक आम्ल भरपूर असतं.

निकष बदलला : कंबर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर किंवा जास्त, बीएमआय काहीही असो. तुलनेच्या गटातही बीएमआयची अट नाही.

३ नोव्हेंबर

१९०६ मध्ये याच तारखेला ट्युबिंगनच्या सभेत आलोइस अल्झायमर यांनी ऑगुस्ट डेटर या रुग्णाच्या मेंदूबद्दल सांगितलं. त्यातले प्लाक आणि गुंते (मेंदूत साचलेली प्रथिनं) सगळ्यांना माहीत आहेत. १९०७ च्या निबंधात त्यांनी आणखी एक गोष्ट लिहिली होती : ग्लिया पेशींमध्ये (चेतापेशींच्या साथीदार, मायक्रोग्लियाही त्यांतल्याच) चरबीचे साठे दिसतात. या वाक्याकडे पुढे कितीतरी दशकं फारसं कोणी वळलं नाही.

२०२० मध्ये स्टॅनफर्डमधल्या टोनी विस-कोरे यांच्या गटाने म्हाताऱ्या मेंदूत चरबीच्या थेंबांनी भरलेल्या मायक्रोग्लिया वर्णन केल्या. या पेशी कचरा नीट गिळत नाहीत, दाहाचे रेणू मात्र जास्त सोडतात. २०२४ मध्ये त्याच गटाने एपीओई-४ हे जनुकरूप आणि अशा चरबीभरल्या पेशी यांचा संबंध दाखवला. ज्याने अल्झायमरचा धोका सगळ्यात जास्त वाढतो, ते सर्वसामान्य जनुकरूप हेच, आणि ते शरीरात चरबी वाहून नेणाऱ्या प्रथिनाचं आहे. माझ्या मते लठ्ठपणा आणि स्मृतिभ्रंश यांचे रस्ते इथे भेटतात. मेंदूची रखवाली करणाऱ्या पेशीला चरबीचं काय करायचं हे कळेनासं झालं, तर ती चरबी ताटातून आली की जनुकामुळे साठली, याने शेवटी थोडाच फरक पडतो.

म्हणून आज ऑइल रेड ओ. हा रंग चरबीत मुरतो. अल्कोहोलच्या पायऱ्यांतून सेक्शन (मेंदूचे पातळ काप) नेले तर चरबी धुऊन जाते आणि हाती काहीच राहत नाही. त्यामुळे गोठवलेल्या मेंदूचे सेक्शन, ग्लिसरॉलच्या माध्यमात बसवलेले, आणि फोटो लगेच काढायचे. लाल थेंब दिसतात. कोणाच्या मेंदूत, ते संकेत उघडल्यावर.

१३ नोव्हेंबर

स्मृती बाह्यरुग्ण विभागात सकाळ. एक मुलगी आईला घेऊन आली होती. आईला निदान होऊन काही काळ झालेला. मुलीने वाचलं होतं की लठ्ठपणाने स्मृतिभ्रंश वाढतो, म्हणून तिने आईची भाकरी निम्मी केली होती, तूप बंद केलं होतं. आईचं वजन आधीच उतरत होतं.

तिला समजावून सांगितलं : ताई, आता आईला उपाशी ठेवू नका. जे आवडेल ते, मऊ, पुरेसं खाऊ घाला. वजन उतरू देऊ नका. तिला पटायला वेळ लागला, कारण तिने वाचलेलं खोटं नव्हतं, ते दुसऱ्या वयाचं होतं. जाताना मात्र तिने विचारलं, “मग मी माझं बघू का?” हो. तुमचं वय पंचेचाळीसच्या आसपास आहे, तुम्ही बघायची हीच वेळ आहे.

घरी येऊन आकडे पुन्हा काढले. कॅलिफोर्नियात १९६४ ते १९७३ मध्ये ज्यांची ४० ते ४५ व्या वर्षी तपासणी झाली अशा १०,२७६ लोकांचा रेचल व्हिटमर यांनी २००५ मध्ये मागोवा घेतला. मध्यम वयात लठ्ठ असलेल्यांना पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका ७४ टक्के अधिक होता. २०१५ मध्ये मात्र ब्रिटनमधल्या जवळजवळ २० लाख लोकांच्या नोंदींवरून उलट चित्र आलं : कमी वजनाच्या लोकांना धोका जास्त, लठ्ठांना कमी. गाजावाजा झाला. २०१८ मध्ये मिका किविमाकी यांनी १३ लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून गाठ सोडवली. निदानाच्या वीसहून अधिक वर्षं आधी मोजलं तर जास्त वजन धोका वाढवतं. शेवटच्या दहा वर्षांत मोजलं तर कमी वजन धोक्याशी जोडलेलं दिसतं, कारण आजार आत सुरू झालेला असतो आणि तोच वजन उतरवतो. मोजण्याचं वय बदललं की उत्तराची दिशा फिरते.

त्या मुलीपर्यंत यातला अर्धाच भाग पोचला होता. आपण संशोधक लोक सल्ला देताना वय सांगत नाही, आणि त्याची किंमत कुणाची तरी आई उपाशी राहून चुकवते.

२५ नोव्हेंबर

काल नोव्हो नॉर्डिस्क या औषधकंपनीने इव्होक आणि इव्होक प्लस या दोन चाचण्यांचा निकाल जाहीर केला. दिवसभर प्रयोगशाळेत हाच विषय.

तोंडाने घ्यायचं सेमाग्लुटाइड, मधुमेह आणि वजनासाठी जगभर गाजलेलं. ते दाहही कमी करतं, म्हणून अल्झायमरमध्ये त्याच्याकडून आशा होती. ५५ ते ८५ वयाचे, मेंदूत अमायलॉइड (प्लाकमधलं प्रथिन) असल्याची खात्री केलेले, सौम्य स्मृतिदोष किंवा सुरुवातीचा अल्झायमर असलेले ३,८०८ लोक, दोन वर्षं. आजाराची घसरण प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या गोळीपेक्षा) मंद झाली नाही. आजाराशी संबंधित जैवखुणांमध्ये सुधारणा दिसली, पण रुग्णाच्या रोजच्या जगण्यात ती उतरली नाही.

आमच्यातल्या एकाने म्हटलं, “म्हणजे दाहाची कल्पना मेली.” मला तसं वाटत नाही, आणि का ते इथे नीट लिहून ठेवायचं आहे, कारण पुढे अनुदानाच्या मुलाखतीत हा प्रश्न पहिला येईल.

या चाचण्यांनी विचारलेला प्रश्न असा होता : अमायलॉइड साचून, चेतासंधी गळून, लक्षणं दिसू लागल्यावर हे औषध घसरण थांबवतं का? उत्तर मिळालं : नाही. हे उत्तर स्पष्ट आहे आणि ते मान्य केलंच पाहिजे. “डोस कमी होता”, “अजून थोडा काळ चाललं असतं तर” अशी पळवाट मला शोधायची नाही. पार्किन्सनमध्येही याच जातीच्या औषधांचं असंच झालं. २०२४ मध्ये फ्रान्समध्ये १५६ रुग्णांवर लिक्सिसेनाटाइडची चाचणी झाली, थोडी आशा दिसली. २०२५ च्या फेब्रुवारीत लंडनच्या टॉम फोल्टिनी यांच्या गटाची एक्झेनाटाइडची मोठी आणि लांब चाचणी आली, त्यात फायदा आढळला नाही.

पण चाळिशीतल्या पोटावरच्या चरबीने सत्तरीतल्या मेंदूचं काय होतं, हा प्रश्न इव्होकने विचारलाच नव्हता. तेव्हा त्याचं उत्तरही त्यातून काढता येणार नाही, होकारार्थीही नाही. मध्यम वयात दाह कमी केला तर पुढचा आजार टळतो, असं माणसांमध्ये अजून कोणी सिद्ध केलेलं नाही. आपली बाजू मांडताना हे वाक्य आपणच आधी म्हणायचं.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. स्मृतिभ्रंशावरच्या लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालात टाळता येण्याजोगे धोक्याचे १४ घटक आहेत. सगळे मिळून स्मृतिभ्रंशाचा सुमारे ४५ टक्के भार. त्यात लठ्ठपणाचा स्वतंत्र वाटा १ टक्का, तर वाईट कोलेस्टेरॉल आणि मध्यम वयातला बहिरेपणा यांचा प्रत्येकी ७ टक्के. हे वाचून मी आधी थोडी खट्टू झाले. पण हिशेबात मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, बैठी सवय वेगळी मोजली आहेत आणि पोटाची चरबी यातल्या कितीकांच्या मुळाशी असते. तरीही १ टक्का हा आकडा आमच्या प्रत्येक सादरीकरणात राहील. विषय आपला म्हणून तो मोठा करून सांगायचा नाही.

४ डिसेंबर

इव्होकनंतर आमच्या आराखड्यात एक भोक स्पष्ट दिसतं. आहार पूर्ववत करणारा गट आम्ही एकच ठेवला होता, मधल्या टप्प्यावर. २०१४ मध्ये सिॲटलच्याच गटाने दाखवलं होतं की दीर्घकाळ चरबीच्या आहारावर ठेवलेल्या उंदरांना साधं खाद्य दिल्यावर हायपोथॅलॅमसमधला ग्लियाचा बदल मागे फिरला. हिप्पोकॅम्पसमधल्या चेतासंधींचं काय? लवकर थांबवलं तर आणि उशिरा थांबवलं तर, दोन्ही हवेत. त्याशिवाय ‘कधी’ या प्रश्नाला उत्तरच नाही.

सर म्हणाले, निधी संपत आलाय. खरं आहे. पण उंदरांचे जीव खर्च करून अर्धा प्रश्न सोडवणं हा जास्त मोठा अपव्यय आहे, असं मी म्हटलं. त्यांनी आकडे मागितले. गटातल्या उंदरांची किमान संख्या किती, ती संख्याशास्त्राने कशी ठरते, हे मांडून दिलं.

१९ डिसेंबर

जुन्या गटांच्या मोजण्या संपल्या. दोघांनी स्वतंत्रपणे मोजलेल्या स्लाइडचा मेळ बसतो आहे. संकेत अजून उघडलेले नाहीत. विद्यार्थ्यांची इच्छा आहे की आता उघडावेत, निदान जुन्या गटांचे. मी नाही म्हटलं. नवे दोन गट त्याच डोळ्यांनी मोजायचे आहेत, आणि एकदा उत्तर दिसलं की ते डोळे तेच राहत नाहीत.

नीतिसमितीकडे दुरुस्तीचा अर्ज तयार झाला : लवकर आणि उशिरा आहार पूर्ववत करणारे दोन गट, नर आणि माद्या दोन्ही. माणसांच्या अभ्यासाचं मराठी संमतिपत्रही आज पुरं केलं. त्यात एक परिच्छेद नव्याने घातला : हा अभ्यास ४० ते ५५ वयासाठी आहे. आपल्या घरात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असल्यास, यातला आहाराचा कोणताही सल्ला त्यांना लागू करू नये. त्यांचं वजन उतरत असल्यास डॉक्टरांना कळवावं.

अर्ज सोमवारी दाखल होईल.